मागकोश: पानावरच्या खुणांचा घोळ (प्रकल्प नोंदी)

२ डिसेंबर

काम नेमकं काय ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे भरकटलो तर परत यायला जागा राहील. सोलापूरच्या पूर्व भागातल्या मागांवर बोलले जाणारे शब्द गोळा करायचे. एका शब्दाला एक पान: धोटा, कांडी, फणी, ताणा (उभे दोरे), बाणा (आडवे दोरे), बीम, जकार्ड (नक्षीचं यंत्र). त्याच वस्तूला तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे काय म्हणतात, तेही त्याच पानावर. मराठीत माग, तेलुगूत मग्गम, कन्नडात मग्ग. अशोक चौकाच्या आसपास एका गल्लीत तिन्ही ऐकू येतात. पानं एकमेकांना जोडलेली हवीत आणि चूक दिसली तर कुणालाही दुरुस्त करता आली पाहिजे. म्हणजे विकी.

वाचनालयाने जुना संगणक दिलाय. नेटचा भरवसा नाही, त्यामुळे सगळं त्याच यंत्रावर चालवायचं. पायथनमध्ये लहानसं सॉफ्टवेअर लिहितोय. एक पान म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल, डेटाबेस नाही. ही कल्पना माझी नव्हे, डोकूविकी हे विकीचं तयार सॉफ्टवेअर २००४ पासून असंच चालतं. ‘मग डोकूविकीच लाव की,’ असं भाचा पुण्याहून म्हणाला. मला दुवे मराठी विभक्तीच्या अंगाने जुळवून बघायचेत, हे त्याला सांगितलेलं कारण. न सांगितलेलं कारण असं, की मला लिहायचीच हौस आहे.

माणसं चार. मी, टायपिंगला मावशी (सरकारी कचेरीतून निवृत्त), शब्दांना जॉबर मामा, ज्यांनी पस्तीस वर्षं माग दुरुस्त केले, आणि फोनवर भाचा, ज्याचं मत न विचारताही मिळतं.

६ डिसेंबर

आज फक्त वाचन. साध्या मजकुरात शीर्षक, ठळक, यादी, दुवा हे कसं दाखवायचं, याचे पर्याय पाहिले.

पहिला विकी वॉर्ड कनिंगहॅम यांचा, मार्च १९९५चा. त्यात दुव्याला खूणच नव्हती. दोन शब्द जोडून प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल लिहिलं की झाला दुवा. देवनागरीत कॅपिटल अक्षरच नाही, त्यामुळे हा पर्याय आपल्या दारात येण्याआधीच बाद. तिरक्यासाठी दोन आणि ठळकसाठी तीन एकेरी अवतरणचिन्हं ही पद्धतही त्यांच्याकडचीच. ती पुढे मीडियाविकीने उचलली, आणि २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर आजही तीच चालते. मार्कडाउन जॉन ग्रुबर यांचं, २००४चं. मग क्रिओल. ‘प्रत्येक विकीची भाषा वेगळी का?’ म्हणून काही विकीवाले २००६ मध्ये एकत्र बसले आणि २००७ मध्ये त्यांनी क्रिओलची १.० आवृत्ती काढली. हेतू चांगला होता. आज कुणाला क्रिओल म्हटलं तर बहुतेकांना ते नावही आठवणार नाही, पण त्यातल्या ठळकच्या दोन चांदण्या (**) आणि दुव्याचे दुहेरी चौकटी कंस मला आवडले.

रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट दहा मिनिटांत सोडलं. त्यात शीर्षकाखाली किमान शीर्षकाएवढी लांब रेघ ओढायची असते. ‘यंत्रमागाचा धोटा’ हे किती लांब? अक्षरं मोजायची, का काना-मात्रेसकट युनिकोडची चिन्हं मोजायची? तिथले चौकटीचे तक्तेही देवनागरीत एका रेषेत उभे राहत नाहीत.

मन क्रिओलकडे झुकलंय. उद्या-परवा मावशींसमोर ठेवतो.

१० डिसेंबर

ठेवलं, आणि चार दिवसांचं वाचन पाच मिनिटांत पाण्यात गेलं.

मावशी इन्स्क्रिप्टवर टाइप करतात. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, हा १९८६चा सरकारी कळफलक. त्यांचा वेग असा की त्या बोलत बोलत टाइप करतात आणि बोलण्यातला शब्द टायपिंगमध्ये येत नाही. मी कागदावर खुणा लिहून दिल्या. त्यांनी शीर्षकासाठी बरोबरची दोन चिन्हं दाबली. पडद्यावर आलं:

ृृ धोटा ृृ

दोन चांदण्या दाबल्या तर ‘श्रश्र’. चौकटी कंस दाबला तर ‘डड’. म्हटलं, मीडियाविकीची अवतरणचिन्हं तरी बघू. पडद्यावर ‘टटटधोटाटटट’ उमटलं, आणि मावशी चष्मा काढून हसायला लागल्या.

दोष त्यांचा नाही, माझा. इन्स्क्रिप्टमध्ये त्या कळा अक्षरांनी भरलेल्या आहेत. चौकटी कंसाच्या जागी ड आणि ढ, अवतरणाच्या जागी ट आणि ठ, बरोबरच्या चिन्हाच्या जागी ऋकार, उभ्या रेघेच्या कळीवर ऑ, तिरक्या रेघेवर य. शिफ्ट धरून ३ दाबला तर रकार (्र), म्हणजे मार्कडाउनच्या शीर्षकाची खूणही (#) गेली. अधोरेषेच्या जागी विसर्ग.

मग उरलं काय? दोघांनी बसून एकेक कळ दाबून पाहिली. आडवी रेघ उरते. गोल कंस उरतात. स्वल्पविराम आणि पूर्णविराम उरतात. संपलं.

‘भाषा बदलायची कळ दाबून इंग्रजीत जाता येतं की,’ मी म्हणालो. मावशींनी करून दाखवलं. दुव्यासाठी इंग्रजीत जा, दोन कंस, मराठीत या, शब्द, परत इंग्रजीत, दोन कंस, परत मराठीत. एका दुव्याला चार फेऱ्या. पानावर तीस दुवे असले तर एकशेवीस. ‘अरे, तू मला शब्द टाइप करायला बोलावलंस का कळ दाबायला?’

१४ डिसेंबर

भाच्याचा फोन. ‘मार्कडाउन घे मामा, सगळ्या जगाला येतं. कळफलकाचं काय, वर बटणं दे.’ बटणांचं म्हणणं खोटं नाही, बटणं देणारच आहे. पण त्याचा मान ठेवून मार्कडाउनची नीट चाचणी घेतली. २०१४ नंतर त्याचे नियम कॉमनमार्क या नावाने काटेकोर बांधले गेलेत, म्हणून तेच वापरलं.

आपल्याकडे शब्दाला प्रत्यय चिकटतो, आणि घोटाळा नेमका तिथे होतो. चादर हा शब्द ठळक करून त्याला ‘ला’ लावला तर चालतं. पण शब्द अवतरणात असेल तर:

**'चादर'**ला

हे ठळक होतच नाही, चांदण्या जशाच्या तशा पानावर दिसतात. कारण असं: बंद करणाऱ्या चांदण्यांच्या आधी विरामचिन्ह असेल तर त्यांच्या पुढे मोकळी जागा किंवा विरामचिन्हच लागतं, अक्षर चालत नाही. इंग्रजीत अवतरण संपल्यावर बहुतेक जागाच येते, त्यामुळे तिथे हा नियम कुणाला बोचत नाही. आपल्याकडे ‘ला, ने, चा, त’ दाराशी उभेच असतात. अधोरेषेने तिरकं करायला गेलो तर अवतरण नसतानाही हीच गत:

_चादर_ला

इथे शब्दाच्या मधली अधोरेषा म्हणून ती सोडून दिली जाते.

यादीचं पुढे. ‘१.’ असं देवनागरीत लिहिलं तर मार्कडाउनला तो आकडा वाटतच नाही, यादी होत नाही. याच्या उलट गंमत अशी, की कुणी परिच्छेदाची सुरुवात इंग्रजी आकड्यांत साल लिहून, पुढे टिंब देऊन केली (मे १९३०च्या मार्शल लॉबद्दल मी तसं करून पाहिलं) तर ती यादी होते आणि तिचा पहिला क्रमांक एक हजार नऊशे तीस!

ओव्यांचं तर बोलायलाच नको. एक ओळ संपवून खाली गेलं तरी पानावर दोन्ही ओळी सलग येतात. ओळ तोडायची तर ओळीच्या शेवटी दोन जागा सोडायच्या. फोनवर शब्दापुढे दोनदा जागा सोडली की कळफलक आपणहून पूर्णविराम टाकतो. प्रत्येक ओवीच्या चरणाला पूर्णविराम!

भाच्याला सगळं पाठवलं. उत्तर आलं: ‘हम्म.’

१९ डिसेंबर

आता दुवा. हा खरा गाभा, कारण आपल्या पानांवर ठळक क्वचित लागेल आणि दुवा ओळीओळीला.

मीडियाविकीत एक चांगली सोय आहे. कंस संपल्यावर लगेच चिकटलेली अक्षरं दुव्यातच ओढली जातात, आणि मराठीसाठी देवनागरी अक्षरं त्यात धरलेली आहेत. म्हणजे

[[कांडी]]ला

असं लिहिलं की पानावर ‘कांडीला’ हा पूर्ण शब्द दुवा होतो. छान. पण मराठी शब्द प्रत्यय लावायच्या आधीच रूप बदलतो. माग, मागाला. धोटा, धोट्याला. चादर, चादरीला. सोलापूर, सोलापुरात, इथे तर दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. माग आणि चादर यांच्यात कंसाबाहेर नुसता काना किंवा वेलांटी उरते आणि ती लिहिताना पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली दिसते. बाकीच्या दोन्हींत ते जमतच नाही, पानाचं नाव वेगळं आणि दाखवायचा शब्द वेगळा असे दोन्ही लिहावे लागतात. इंग्रजीतला अपवाद हा आपला रोजचा नियम.

मार्कडाउनमध्ये दोन्ही नेहमीच लिहावे लागतात, पण पत्त्याच्या जागी मोकळी जागा चालत नाही, तिथे वेगळे टोकदार कंस घाला. शिवाय ‘सोलापूर’ ही चार अक्षरं. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतून पत्ता कॉपी केला तर त्याची टक्केवारीच्या चिन्हांनी भरलेली त्रेसष्ट चिन्हं होतात. मामांसमोर ते उघडलं असतं तर त्यांनी यंत्र बिघडलं म्हणून पाना आणला असता.

२४ डिसेंबर

सॉफ्टवेअरनेच मूळ शब्द शोधावा म्हणून नियम लिहायला बसलो. प्रत्यय कापा, ‘ट्या’चा ‘टा’ करा, शेवटचा काना काढून बघा, तसं पान आहे का तपासा. धोट्याला, मागावर, फणीतून, सगळं पटापट सापडलं. रात्री अकरापर्यंत मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

मग मावशींनी ‘कांड्यांना’ टाइप केलं. मूळ शब्द कांडी, का कांडं? मागावर कांडी असते, धोट्यात बसते. पण हा सोलापूर जिल्हा आहे, इथे उसाचं कांडंही आहे, आणि त्याची गुळाच्या निमित्ताने कुणीतरी उद्या पानात भर घालणारच. ‘पाट्यांना’चं तेच, पाटी का पाटा.

ठरलं: एकच पान सापडलं तर दुवा जोडायचा. दोन सापडली तर जोडायचा नाही, लिहिणाऱ्याला विचारायचं. सॉफ्टवेअरने अंदाज बांधून गप्प बसण्यापेक्षा विचारलेलं बरं.

२९ डिसेंबर

शेतावर हुरड्याला गेलो होतो, मामाही होते. शेंगाचटणी आणि गरम हुरडा यांच्या मध्ये मी विचारलं, ठळक आणि तिरकं अशा दोन तऱ्हा लागतील का?

‘तिरकं म्हणजे?’

दाखवलं. देवनागरीत तिरकं म्हणजे सरळ अक्षर एका बाजूला ढकललेलं; इंग्रजीसारखं वेगळं घडवलेलं तिरकं वळण आपल्या छपाईत रुजलेलं नाही. फोनवर तर शिरोरेघेसकट शब्द पडल्यासारखा दिसतो. मामा म्हणाले, ‘जकार्डच्या पुठ्ठ्याला भोक असतंय नाहीतर नसतंय. भोक असलं की हूक उचलतं, ताण्याचा दोरा वर येतो. नसलं की नाही. तिसरं काय नसतंय ओ. आणि त्या दोनच गोष्टींवर मोर काढतोय आम्ही चादरीत.’

तिरकं रद्द. ठळकही बटणापुरतंच, त्याला हाताने लिहायची खूण नाही.

३ जानेवारी

मावशींच्या कळफलकावर उरलेल्या चार चिन्हांतच सगळं बसवलं.

दुवा: दुहेरी गोल कंस. पानाचं नाव आणि दाखवायचा शब्द वेगळे असतील तर मध्ये स्वल्पविराम. शीर्षक: ओळीच्या सुरुवातीला दोन आडव्या रेघा. यादी: एक आडवी रेघ. ओळ तोडली की ओळ तुटते, बाकी काही नाही.

-- धोटा
- बाण्याचा दोरा ((ताणा, ताण्यातून)) नेतो
- आत ((कांडी)) बसते

आता कंसात आधी काय, पानाचं नाव का वाक्यातला शब्द? मीडियाविकी आणि क्रिओलमध्ये आधी पान, मार्कडाउनमध्ये आधी शब्द. मी वर पान आधी लिहिलंय. मावशींनी वाचून लगेच डोकं हलवलं. ‘मी वाक्य लिहीत जाते. ताण्यातून लिहून झाल्यावर मला आठवतं की याला पान आहे. आधी पान कसं सुचेल?’ वाद घालायला जागाच नव्हती. आता असं:

((ताण्यातून, ताणा))

मूळ फाइल नुसती वाचली तरी वाक्य पुढे सरकतं, हा वरचा फायदा. पानाच्या नावात स्वल्पविराम चालणार नाही, एवढी किंमत.

घरची नवी खूणभाषा काढणं हा रोग आहे, हे मला माहीत आहे. क्रिओलवाले तोच रोग बरा करायला बसले होते. म्हणून बाहेर पडायचा दरवाजा पहिल्या दिवशीच बांधलाय: चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट सगळी पानं मीडियाविकीच्या खुणांत बदलून देते, कंसातला क्रम उलटवून. खुणा तीनच असल्यामुळे ते शक्य झालं.

७ जानेवारी

माझा हुशारपणा अंगाशी आला. फोनवरून किंवा उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबायच्या कळफलकावरून लिहिणारे चौकटी कंस सहज देऊ शकतात, म्हणून दोन्ही कंस चालतील असं केलं होतं. पुढे जाऊन, साठवताना गोल कंसांचे आपोआप चौकटी कंस करून टाकले. फाइली नीटनेटक्या राहाव्यात म्हणून. मावशींनी काल लिहिलेलं पान आज दुरुस्तीला उघडलं आणि घाबरून फोन केला, ‘अरे, मी लिहिलेलं कुणी बदललं?’

बदल काढून टाकला. जे लिहिलं ते तसंच राहील. नीटनेटकेपणा बाहेर नेणाऱ्या स्क्रिप्टमध्ये.

कंसात कंस हेही आज सापडलं. ‘(हातमाग (खड्ड्यातला))’ या साध्या वाक्याच्या शेवटी दोन कंस बंद होतात. उघडणारे दोन सलग नसतील तर बंद होणाऱ्यांकडे बघायचंच नाही, असं केलं.

१२ जानेवारी

हुतात्मा दिन. वाचनालयात येणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीने सकाळी चार हुतात्मा चौकातून आल्यावर स्वतःच्या आयफोनवरून पान लिहिलं: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, १२ जानेवारी १९३१, येरवडा. शब्दकोशात हे पान बसतं का, यावर भाचा फोनवर वाद घालत होता. गिरणगावाच्या कोशात हे नाही तर काय बसणार? ठेवलं.

तिच्या पानाने दोन गोष्टी शिकवल्या. नावं तिने ‘१)’, ‘२)’ अशी दिली होती, ‘१.’ अशी नव्हे. दोन्ही आता यादी धरली जातात, आकडे देवनागरी असोत की इंग्रजी. पण साल ओळीच्या सुरुवातीला आलं तर यादी नाही: आकडे दोनपेक्षा जास्त असले की सोडून द्यायचं. दुसरं, आयफोनने तिच्या दोन आडव्या रेघांची आपणहून एक लांब रेघ केली होती, त्यामुळे शीर्षक शीर्षक झालंच नाही. आता लांब रेघही चालते. फोनशी भांडत कोण बसणार.

१३ ते १६ जानेवारी

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. काम बंद. वाचनालयही बंद, मावशी नंदीध्वजांच्या मागे, मी भाचरांसोबत पाळण्यांच्या रांगेत. १४ला अक्षता सोहळ्याच्या गर्दीत भाचा भेटला, पुण्याहून आलाय. ‘काय करलालास बे अजून त्या कंसाचं?’ असं त्याच्या मित्राने विचारलं. म्हणजे माझी कीर्ती पसरलीय.

२० जानेवारी

‘दोऱ्या’ नावाची दोन पानं सापडली. नावं हुबेहूब तीच, मजकूर वेगळा. एक मावशींचं, एक माझं.

तासभर डोकं खाजवल्यावर कळलं. या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याचा पाय मोडायचा. दुसरी म्हणजे साधा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला एकच, यंत्राला दोन. युनिकोडचं प्रमाणीकरण नुक्त्यासारख्या गोष्टी एकत्र आणतं, पण ह्या दोघांना ते हात लावत नाही. आता पानाचं नाव जुळवण्याआधी मी हाताने दुसऱ्या रूपाचं पहिलं करतो. शोधातही तेच.

मागाच्या कोशात दोरा हा शब्द किती वेळा येतो ते बघता, हे आज सापडलं म्हणून वाचलो.

२७ जानेवारी

तक्त्यांचा प्रश्न राहिला होता. चार भाषांचे चार रकाने, असं मनात होतं. मार्कडाउनच्या ज्या प्रकारांत तक्ते आहेत तिथे उभ्या रेघा लागतात, मीडियाविकीत महिरपी कंस आणि रेघा दोन्ही. मावशींकडे दोन्ही नाहीत. तक्ता नकोच केला. यादीतच लिहायचं:

- तेलुगू, मग्गम
- कन्नड, मग्ग

ओळीची सुरुवात भाषेच्या नावाने झाली आणि पुढे स्वल्पविराम आला की दाखवताना सॉफ्टवेअर रकाने पाडतं.

२ फेब्रुवारी

एकेचाळीस पानं झाली. मामांना पडद्यावर वाचवत नाही, म्हणून छापून द्यायची ठरलं. छपाईचा भाग अजून अर्धवट असल्यामुळे मी घाईत मूळ फाइलीच छापल्या, रेघा आणि कंसांसकट, आणि देताना माफी मागितली.

आज मामांनी गठ्ठा परत आणला. पेन्सिलीने दुरुस्त्या केल्यात. फणीच्या पानावर दोन ठिकाणी रीड (फणीच्या दातांचा आकडा) चुकलाय, ते बरोबर करून दिलंय. धोट्याच्या पानावर ‘पिकर धोट्याला ठोकतो’ या ओळीत पिकर या शब्दाभोवती पेन्सिलीने दोन कंस उघडलेत आणि दोन बंद केलेत. शेजारी समासात तेलुगू वळणाच्या मराठीत लिहिलंय: ‘याला पान नाही. पाहिजे.’

मी त्यांना कंसांबद्दल काही सांगितलेलं नव्हतं.

उद्या पिकर.